दुसऱ्याच्या भावाची गोष्ट

तामदिन कर्नाटकात, बायलकुप्प्याच्या तिबेटी निर्वासितांच्या वस्तीत जन्मला, तिथंच टॅक्सी चालवायला शिकला, तरी एकोणतिसाव्या वर्षीही परदेशी म्हणून नोंदणीच्या वहीवर शिक्का मारून घ्यायला त्याला पोलिसांकडे जावं लागायचं. फ्रान्सला जायचं ठरल्यावर दलालानं बजावलं, "इथं जन्मलो म्हणालास तर परत धाडतील. तिबेटातून बर्फातून पळून आलो, असं सांग. आणि पाठ नीट कर."

तामदिननं जन्मात बर्फ पाहिला नव्हता. म्हणून तो छोक्यीआमांकडे गेला. एकटीच राहणाऱ्या या म्हातारीनं तिबेटातून येताना बर्फाची खिंड ओलांडली होती, एवढं वस्तीला ठाऊक होतं. पुढचं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"शाळेच्या वार्षिक अंकात छापायचंय, आमा," त्यानं दडपून थाप मारली.

"माझं मेलीचं कोण वाचणार? आधी चहा पी. बापासारखा अर्धा टाकू नकोस."

तीन दुपारी आमांनी इकडचं तिकडचं सांगितलं. चौथ्या दुपारी फुर्बूचं निघालं. धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा. बर्फानं पाय काळेनिळे पडलेले. वाटाड्या थांबेना. आमांनी त्याला खडकाच्या आडोशाला बसवलं, आपला झगा त्याच्यावर घातला आणि त्या निघाल्या.

"हाका मारत होता रे. मी वळले नाही. वळले असते तर पाय निघाला नसता."

पॅरिसला, आश्रयाचे अर्ज तपासणाऱ्या कचेरीत तामदिननं ही हकिकत आपली म्हणून सांगितली. सांगताना त्याला खरंच रडू फुटलं. समोरच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, तेव्हा 'जमलं' असं त्याच्या मनात येऊन गेलं. तिथं राहायचे कागद मिळाले.

तीन वर्षांनी तो वस्तीत आला. आमांनी दारातच विचारलं, "अंक आणलास? दर वर्षी शाळेत विचारते मी. मास्तर म्हणतात, आम्हाला काहीच माहीत नाही."

तामदिनला खोटं रेटवेना. त्यानं सगळं सांगून टाकलं. आता आमा शिव्या घालतील म्हणून तो खाली बघत राहिला.

"ती बाई काय म्हणाली?" आमांनी विचारलं.

"कशाबद्दल?"

"मी त्याला जिवंत सोडून आले, त्याबद्दल."

"तसं नाही सांगितलं, आमा. भाऊ आधी गेला, मग मी निघालो, असं सांगितलं."

"का रे?"

"तिला मी वाईट वाटलो असतो."

शब्द तोंडातून गेले आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमा भिंतीकडे तोंड करून बसल्या. "मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "कुणीतरी वाचेल आणि बरंवाईट काय ते बोलेल."

दुसऱ्या दिवशी त्यानं ती हकिकत जशीच्या तशी लिहून काढली, खाली आपण तिचं काय केलं तेही लिहिलं आणि कागद अंकासाठी मास्तरांकडे नेला. मास्तरांनी वाचून कागद मुडपला. "हे छापलं तर तुझे कागद जातील, ठाऊक आहे ना?"

तामदिननं खालचा भाग फाडून घेतला.

राहिलेलं त्यानं आमांना वाचून दाखवलं. हाकांपाशी येऊन तो थांबला.

"वाच," आमा म्हणाल्या. त्यानं वाचलं. "मास्तरांनी वाचलं हे?"

"वाचलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"मग तू बोल."

फाडलेला तुकडा तामदिनच्या खिशात होता. आमा वाट बघत बसल्या होत्या, आणि तो मान खाली घालून बसला होता.