पंतप्रधानांच्या बुडाखाली एकवीस वर्षे

मित्रांनो, मोठ्या माणसांची चरित्रे त्यांचे कौतुक करणारी माणसे लिहितात. आमच्या आनुवाई बेटांच्या पंतप्रधानांचे चरित्र मात्र तुम्हाला माझ्याकडून ऐकावे लागेल, कारण एकवीस वर्षे त्यांचे बूड माझ्या पाठीवर होते. मी केवड्याच्या पानांची चटई आहे. आता रंग उडाला आहे, एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे, आणि माझ्या अंगाला डुकराच्या चरबीचा वास येतो. तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. तो वास माझा नाही, हे पुढे कळेलच.

माझा जन्म उआफेले गावातला. लोसालिने आत्याने केवड्याची लांबलांब पाने कापली, काठांचे काटे काढले, पाने उकळली आणि दगड बांधून आठ दिवस किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात बुडवून ठेवली. मग उन्हात वाळवून, शिंपल्याने चिरून तिने विणायला घेतले. चार महिने लागले. विणताना ती गुणगुणत असे, आणि कुणी तिची चेष्टा केली की म्हणत असे, "हसा, हसा. माझा केलेपी या चटईवर बसून बोलेल ना, तेव्हा तुमची दातखीळ बसेल."

केलेपी तावाके हा तिच्या भावाचा, मानासेचा, एकुलता एक मुलगा. गावच्या शाळेत मास्तर होता. मानासे वारला तेव्हा त्याला समुद्रकाठच्या वाळूत, माडाखाली पुरले, तिथेच गावातले सगळे पुरले जातात. पोराला वाढवले ते आत्याने.

आमच्याकडे चार लोकांत बोलायचे तर चटईवर बसून बोलतात. उभा राहून बोलतो तो काहीतरी मागायला आलेला असतो. माणूस पहिल्यांदा गावाच्या वतीने बोलणार असला, की त्याची आत्या चटई विणते आणि स्वतःच्या हाताने अंथरते. दुसऱ्या कुणी अंथरलेली चालत नाही. आणि आत्याचा मान असा, की तिने चारचौघांत भाच्याकडे काहीही मागावे, डुक्कर, होडी, अंगावरचा सदरा, भाच्याला नाही म्हणता येत नाही. ती आत्या रक्ताची की वाढवलेली, हे कुणी विचारत नाही. इतकी वादळे होतात, की दर दुसऱ्या घरात कुणा बुडालेल्याचे मूल वाढलेले असते. स्वतः लोसालिनेसुद्धा वादळानंतर तान्ही सापडलेली. मानासेच्या आईने तिला पदरात घेतले आणि मानासेच्या शेजारी झोपवले, विषय संपला.

पहिल्या निवडणुकीत केलेपी माझ्यावर बसला तेव्हा मला किती आनंद झाला होता, काय सांगू! सडपातळ, लाजरा मास्तर. त्याने माझ्यावर दोन्ही तळवे टेकले आणि म्हणाला, "या किनाऱ्यावर माझा बाप झोपलाय. इथली मूठभर वाळू मी कुणाला उचलू देणार नाही." बायका रडल्या. करवंटीतून कावा, म्हणजे आमचे मुळ्या कुटून केलेले पेय, फिरला. मलाही ते खरे वाटले. आजही वाटते, त्या दिवशी तो खोटे बोलत नव्हता.

खोटे पुढे सुरू झाले, आणि फार हळू सुरू झाले. राजधानीत गेल्यावर तो मला प्रत्येक बैठकीत नेऊ लागला. आधी त्याचे वजन वाढले. मग त्याने जेवतानाही माझ्यावरच बसायला सुरुवात केली, आणि भाजलेल्या डुकराची चरबी बोटांना लागली की ती माझ्या काठाला पुसू लागला. समोर हातरुमाल पडलेला असायचा, तरी माझ्याच काठाला. बोलणे कुठले चालू आहे, हे त्याच्या बोटांवरून मला कळू लागले. खरे बोलताना तो बोटे चाटत असे. थापा मारताना पुसत असे.

मत्स्यखात्याचा मंत्री झाल्यावर त्याने माझ्यावर बसूनच पक्ष बदलला. वर्षभराने पुन्हा बदलला. दुसऱ्या वेळी तर सकाळी एका पक्षाच्या निष्ठेवर बोलला आणि दुपारी त्याच जागी, त्याच चटईवर, दुसऱ्या पक्षाच्या. मला वाटले होते, निदान मधे एकदा झटकून तरी घेईल.

पंतप्रधान कसा झाला तेही ऐका. आमच्या संसदेत सतरा जागा. जुन्या पंतप्रधानांवर अविश्वास ठराव यायचा होता आणि तीन खासदार कुंपणावर बसलेले. केलेपीने त्यांना एका मोठ्या होडीवर जेवायला बोलावले आणि होडी समुद्रात नेऊन उभी केली. पाच दिवस. किनारा दिसत होता, पण पोहत जाण्याइतके अंग तिघांपैकी कुणाचेही नव्हते. मीही होते तिथे. तिघे खात होते, पीत होते, ओकत होते, पुन्हा खात होते. सहाव्या दिवशी संसदेत त्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले आणि आनुवाईला नवा पंतप्रधान मिळाला. त्या होडीवरची घाण अजून माझ्या विणीत आहे.

त्यानंतर माझी जागा गाडीच्या डिकीत. जादा चाकाखाली, मतदारांना वाटायच्या मांसाच्या डब्यांशेजारी. समारंभ असला की मला काढायचे, पसरायचे, साहेब बसायचे, आणि पुन्हा डिकी. नावापुरते आत्याने अंथरायचे म्हणून पहिली काही वर्षे तिला बोटीने बोलावून घेत. मग चिटणीस फिनाऊच मला अंथरू लागला. चिटणीस चटई अंथरतो! लोकांनी पाहिले आणि नजर वळवली. ती वळवलेली नजर मला अजून टोचते.

मग वाळू उपसणारे जहाज आले.

राजधानीत विमानांची धावपट्टी लांबवायची होती, त्यासाठी वाळू हवी होती, आणि सगळ्यांत भरपूर, सगळ्यांत पांढरी वाळू उआफेलेची. परवान्याच्या कागदावर केलेपीने माझ्यावर बसून सही केली. त्या वेळी तो बोटे पुसत होता.

जहाज महिनोन् महिने उपसत राहिले, आणि समुद्र गावाकडे सरकू लागला. आधी होड्या ओढायची जागा गेली. मग माड आडवे झाले. आत्याने निरोप धाडले, एकामागून एक, आणि केलेपीने एक युक्ती काढली. ती इतकी हलकट होती की मला सांगतानाही शिसारी येते. त्याने आत्याला टाळायला सुरुवात केली. ती समोर आली तर चारचौघांत मागेल, आणि मागितले तर नाही म्हणता येणार नाही, म्हणून देशाचा पंतप्रधान ऐंशीच्या घरातल्या बाईपासून पळू लागला. ती राजधानीच्या चर्चमध्ये आली, हा मागच्या दाराने सटकला. ती संसदेच्या पायऱ्यांवर बसली, हा तीन दिवस पोटदुखीने घरी. एकदा तर मला तसेच टाकून खिडकीतून गेला, आणि फिनाऊ दारात उभा राहून म्हणाला, "आत्याबाई, साहेब परदेशात आहेत."

"परदेशात?" आत्या म्हणाली. "मग त्याची चप्पल इथे दारात कशी? अनवाणी गेला वाटतं?"

शेवटी फिनाऊ तिच्याकडे एक प्रस्ताव घेऊन गेला. राजधानीत पक्के घर, पाण्याचा नळ, सगळे मिळेल, फक्त गप्प बसायचे. आत्याने त्याला कावा पाजला आणि म्हणाली, "त्याच्या बापालाही त्या घरात नेणार का? की फक्त मलाच?"

स्वातंत्र्यदिनाला मात्र पळायला जागा नव्हती. मोठा मांडव, सतरा बेटांचे मुखिये, मी मधोमध, माझ्यावर केलेपी. आत्या दोन दिवस बोटीत बसून आली होती. ती गर्दीतून पुढे आली आणि उभी राहिली, कारण ती मागायला आली होती.

"केलेपी," ती म्हणाली, "उआफेलेची वाळू थांबव. तुझ्या बापाच्या कबरीपासून पाणी आता नऊ पावलांवर आलंय. आत्या मागतेय."

केलेपीची बोटे माझ्या काठाशी आली.

"ही बाई माझी आत्या नाही," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, शेवटच्या रांगेपर्यंत. "वादळात वाहून आलेली पोर. आजीनं दया म्हणून ठेवून घेतली. तावाके घराण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. माझ्याकडे नोंदणीचे कागद आहेत."

मित्रांनो, किळस काय असते ते मला त्या क्षणी कळले. चरबी धुता येते. ओकारी धुता येते. पण ज्या हातांनी मला विणले, त्या हातांना हा माझ्यावरच बसून परके म्हणत होता, आणि मी मऊ होते. मी त्याला टोचलेसुद्धा नाही. आत्याने पानांचे काटे काढताना एक तरी विसरायला हवा होता.

मांडवात निम्मी माणसे अशीच कुणाकुणाच्या घरात वाढलेली. खाली बसलेल्या एका म्हाताऱ्या मुखियाने आपली करवंटी उपडी केली. दुसऱ्याने केली. कावा जमिनीवर सांडला.

आत्याचा आवाज चढला नाही. "बरं," ती म्हणाली. "आत्या नाही, तर चटई तुझी नाही. ऊठ."

तो उठला. आत्याने मला गुंडाळले, काखोटीला मारले आणि बोटीवर निघाली. पंतप्रधानांनी उरलेले भाषण सिमेंटवर उभे राहून केले.

तुम्हाला वाटेल, तिथेच त्याचा खेळ आटोपला. नाही, मित्रांनो. तो आणखी दीड वर्ष पंतप्रधान राहिला. सभापती त्याचा मेहुणा होता, त्याने अधिवेशनच बोलावले नाही. जहाज उपसत राहिले. त्या पावसाळ्यात भरतीने अकरा कबरी नेल्या, त्यांतली चौथी मानासेची. आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहून हाताने चाचपत होती. तिला एक दगड मिळाला. तो कबरीचा होता की साधाच, ते सांगता आले नाही.

आणि मग निवडणूक लागली.

केलेपी उआफेलेला आला. यावेच लागले, त्याचा मतदारसंघ तोच. मांसाचे डबे, पिठाची पोती, सगळे घेऊन आला, पण सभेच्या घरात कुणी त्याला बसा म्हणेना. बसणार कशावर? चटई अंथरणार कोण? तो उभा राहून बोलू लागला. "ए, बघा, साहेब काय मागायला आलेत?" पेनी नावाचा होडीवाला मागून ओरडला, आणि सगळे घर हसले. केलेपीचे कान लाल झाले. फिनाऊ त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

मग केलेपीने ते केले, जे फक्त आमच्याच बेटांवरचा माणूस करेल. तो आत्यासमोर गुडघ्यांवर बसला, डोळ्यांत पाणी आणले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आत्या! चुकलो मी. तूच माझी आत्या. माझ्या बापाची बहीण. चटई टाक ना, आत्या."

आत्या उठली आणि तिने मला अंथरले. मी मनात म्हटले, बाई गं, नको. तो बसला. त्याच वजनाने, त्याच जागी. हुश्श केले त्याने.

"काय म्हणालास मला?" आत्याने विचारले.

"आत्या."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं!" पेनी म्हणाला.

आत्या उभी राहिली. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले. मला ते त्याच्या मांड्यांतून कळले. त्या एकदम गार पडल्या.

"मानासेची कबर दे," आत्या म्हणाली.

"आत्या, ती... ती समुद्रात..."

"वाळू दे परत."

"ती धावपट्टीखाली गेली गं. आता मी कुठून आणू?"

"म्हणजे माझं होतं ते तुला देता येत नाही. मग तुझं आहे ते दे. निवडणुकीचा अर्ज मागे घे. पुन्हा कधी उभा राहू नकोस. आत्या मागतेय."

तो हसला. कुणी सोबत हसेल म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिले. फिनाऊनेही मान खाली घातली होती, त्याच्याकडे त्याची स्वतःची आत्या मागच्या रांगेतून बघत होती. "चेष्टा करतेस का गं?" केलेपी म्हणाला. त्याने बोटे माझ्या काठाकडे नेली, आणि आत्या म्हणाली, "पुसू नकोस. लिही."

कागद माझ्यावरच ठेवून त्याने अर्ज मागे घेत असल्याचे लिहिले आणि सही केली. तो गेला तेव्हा डबे तिथेच राहिले. पेनीने ते एकेक करून त्याच्या बोटीत परत टाकले.

नव्या सरकारने जहाज परत पाठवले. घाबरून पाठवले, चांगुलपणाने नव्हे, हे मला ठाऊक आहे. नव्या साहेबांची आत्या अजून धडधाकट आहे. पण गेलेला किनारा परत आला नाही. ओहोटीला आत्या मला घेऊन तिथे जाते, जिथे माड होता, आणि ओल्या दगडांवर अंथरून बसते. खारे पाणी माझ्यासाठी वाईट. मी कुजते आहे. यंदाचा उन्हाळा काही मी बघणार नाही.

मित्रांनो, चटईने आपली गोष्ट सांगितली की शेवटी म्हणायचे असते, मला झटका, उन्हात घाला, जपून गुंडाळा. मी तसे म्हणणार नाही. मी गेले तर आत्या नवी विणेल, नाही तर गावातल्या दुसऱ्या आत्या विणतील, चार महिन्यांचे काम आहे. वाळू कुणाला विणता येत नाही. तिची काळजी घ्या. आणि तुमच्यावर बसून कुणी गोड बोलत असेल, तर माझ्यासारखे एकवीस वर्षे मऊ राहू नका.