तात्यांच्या विहिरीवरचा अँटेना

"तात्या, ही तार कुणी गुंडाळली?"

"मीच. वाऱ्यानं हलत हुतं ते."

रंभाजी तात्यांनी माझ्या अँटेनाला खालपासून वरपर्यंत बायंडिंग तार आवळली होती. इतकी घट्ट की पकडीनंही सुटेना. काष्टीतलं दुकान बंद ठेवून, भर उन्हात मी हे बघायला आलो होतो. मागच्या वेळी आलो तेव्हा त्यांनी तोच अँटेना आडवा करून ठेवला होता. का, तर टीव्हीच्या छत्रीसारखं त्याचं तोंड टॉवरकडं पाहिजे.

"अहो, आतली तांब्याची तार मी मापानं कापलीय. बोटभर इकडंतिकडं झालं तरी रेंज जाते. त्याच्यावर लोखंड गुंडाळलं की मेलाच तो."

"मग मजबूत कसा ऱ्हायचा?"

"मजबुती नकोय त्याला."

"मजबुती कुनाला नको आसती, लेका?"

मी पकड घेऊन तार सोडत बसलो.

मी काही इंजिनियर नाही. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, बाकी सगळं व्हिडिओ बघून आणि वस्तू बिघडवून शिकलो. तात्यांच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर आहे. म्हणजे मोटारीला जोडलेली सिमकार्डवाली पेटी. घरून त्या नंबरला फोन लावायचा, एक दाबलं की मोटार चालू, दोन दाबलं की बंद. पेटीबरोबर कंपनी बोटाएवढी काळी कांडी देते, तिला अँटेना म्हणायचं. तात्यांची विहीर ओढ्याच्या खोलगट भागात, पेटी पत्र्याच्या शेडमध्ये. त्या कांडीला तिथं रेंज कुठून मिळणार? म्हणून मी स्वतः अँटेना बनवला. प्लास्टिकच्या नळीत घातला, नळी बांबूला बांधली आणि बांबू शेडच्या बाहेर उभा केला.

आणि त्यांनी त्याला तार गुंडाळली.

चिडून सोडूनही दिलं असतं. पण तात्यांच्या खुब्यात सळई बसवलीय. वस्तीपासून विहिरीपर्यंतचा उतार त्यांना रोज झेपत नाही. पेटी पंकजनं, त्यांच्या मुलानं, दिवाळीला पुण्याहून येऊन बसवली. त्याच दिवाळीत दोघांचं वाजलं. पंकज म्हणाला, लिंबोणीची बाग वाट्यानं द्या आणि पुण्याला चला. तात्या म्हणाले, तूच जा. तेव्हापासून बोलणं बंद.

भागिरथी काकूंनी, पंकजच्या आईनं, मला चुलीपाशी बोलावून सांगितलं होतं, "करण, ह्ये चाललं तर ठीक. न्हाईतर मी पंकजला सांगनार, बाग दिऊन टाक. ह्यांना त्या उतारावर पडल्यालं मला बघायचं न्हाई."

तार सुटली. तात्यांनी फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली, मोटार चालू झाली आहे. तात्या मला दाखवून हसले, जणू अँटेना त्यांनीच बनवला.

नंतर त्यांचाच फोन. "करण, चालू हुती रं. पन मदीच बंद पडती."

गेलो. जोड बदलला. बांबू उंच केला. चालली.

परत फोन. परत गेलो. तार नवीन कापली, पुन्हा मोजली. चालली.

परत फोन.

चहाच्या टपरीवर मच्छिंद्र म्हणाला, "काय इंजिनियर, तात्याच्या इहिरीवर खोली घेतली काय भाड्यानं?"

सगळे हसले. रात्रभर डोक्यात तीच तार. मापात चूक नाही, जोडात चूक नाही, मग मोटार बंद पडते कशी? तिकडं बागेला फूल लागलेलं. अर्ध्या झाडांच्या आळ्यात पाणी पोचत नव्हतं आणि फूल गळत होतं. काकू तात्यांशी बोलायच्या बंद झाल्या होत्या, आणि काकूंचं तसं बंद होणं म्हणजे निर्णय झालाच.

शेवटी ठरवलं, मोटार बंद पडेपर्यंत तिथंच बसायचं. तात्यांना म्हटलं येऊ नका. ते काठी टेकत आलेच.

मोटार चालू केली. पाटानं पाणी धावलं. बसलो. बरंच पाणी गेल्यावर पेटीवरचा निळा दिवा लुकलुकला.

निळा दिवा म्हणजे फोन येतोय.

"तात्या, फोन लावला का?"

"न्हाई बा. खिशात हाय माज्या."

मोटार बंद झाली.

ही पेटी कुणाचाही फोन घेत नाही. तिच्यात भरलेल्या नंबरांचाच घेते. मी पेटीला मेसेज टाकून नंबर मागवले. दोनच निघाले. एक तात्यांचा. दुसरा पंकजचा.

म्हणजे माझा अँटेना पहिल्यापासून ठणठणीत होता. आधी रेंजच नव्हती, तर पंकजचाही फोन लागत नसणार. मी रेंज आणली आणि त्याचा हातही विहिरीपर्यंत आणून ठेवला. आणि मी येडा, तांब्याला शिव्या देत बसलो.

"तात्या, पंकज बंद करतोय. पुण्यातून."

तात्या जराही दचकले नाहीत. म्हणाले, "मागच्या साली पानी तळाला गेलं नि मोटार जळली. लई वरडला हुता तवा. भेत आसंल."

"पण आता विहीर भरलीय. मी त्याचा नंबर काढून टाकतो. एका मेसेजचं काम आहे."

"थांब. मी चालू केली ह्ये त्याला कसं कळतं?"

"चालू झाली की पेटी त्याला मेसेज करते."

"रोज?"

"रोज. जेव्हा चालू कराल तेव्हा."

"मग ऱ्हाऊ दे."

"अहो तात्या, बाग वाळतीय."

"त्यो बंद करंल, मी परत चालू करीन. बाजंवर पडूनच करायचं हाय ना?"

"त्यापेक्षा सरळ फोन करून बोला की त्याच्याशी."

"बोलाय लागलं की भांडान हुतं."

"मग काकूंना तरी सांगतो."

"तिला सांगू नगं. ती लगीच त्याला फोन लावंल, कशापायी बंद करतो म्हनून. मग त्यो हितं फोन करायचाच न्हाई." काठीनं माती उकरत ते म्हणाले, "तू सांग, अँटेनात बिघाड हुता, आता नीट झाला."

माझ्या अँटेनात बिघाड. त्याच्यापायी इतक्या चकरा मारल्या, गावानं हसून घेतलं, आणि आता हे मीच सांगायचं. "बरं," म्हटलं.

तात्यांनी फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर लावला, एक दाबलं. मोटार घुमली. पाटाला पाणी आलं, लिंबोणीकडं वळलं. तात्यांनी तिकडं पाहिलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शेडच्या दारात बसून ते निळ्या दिव्याकडं बघत राहिले.