पिंपातला मृतात्मा

प्रार्थनाघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. सुल्वा बेटावरच्या साऱ्या विधवा रेडिओभोवती बसल्या होत्या आणि मधोमध डोळे मिटून बंधू सेवेरिन. घड्याळात बारा वाजताच त्याने पुन्हा हात उंचावले.

"लाटांनो, वाट द्या. तळाशी निजलेल्यांनो, बोला."

रेडिओ खरखरला. मग घुमणारा, ओलसर आवाज आला. "गुद्रिद, मी तोर्लेफ. इथं थंडी नाही. बंधूचं ऐकत जा."

गुद्रिदने रुमाल तोंडाशी धरला. दारात उभ्या बोर्गहिल्दच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात संकटाच्या हाका ऐकण्यात तिचा जन्म गेला होता. दर तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या सुरुवातीला तीन मिनिटं संकटाच्या लहरीवर कुणी ब्रही काढायचा नाही, म्हणजे बुडणाऱ्याची क्षीण हाकही कानी पडते. हा नियम बेटावर पोरंसोरंही पाळत. सेवेरिनचे मृत नेमके त्याच लहरीवर, त्याच तीन मिनिटांत बोलत. तिने पोलीस पाटलाकडे किती खेटे घातले, तो हसून म्हणे, "मेलेल्यांना दंड कसा करू, बोर्गहिल्द?"

आज साडेअकराच्या शांततेत तिने पुसटशी हाक ऐकली होती, "इंजिन बंद, पाणी शिरतंय". पुढे बोटीचं नाव येणार तोच त्यावर तोर्लेफचा आवाज चढून बसला. केंद्रात कानाला हेडफोन लावून सहकाऱ्याला बसवलं आणि छोटा रेडिओ घेऊन ती इकडे धावली.

"गुद्रिद, तुझा आयलिफ समुद्रावरून परतला का?"

"येईल की. श्श, त्याचे वडील बोलतायत."

"कुणीतरी मदत मागतंय आणि आयलिफचे वडील त्याला बोलू देत नाहीयेत."

सेवेरिनने डोळे न उघडताच म्हटलं, "तारा जोडणाऱ्यांना आत्म्याची लहर कशी कळावी?"

"मग हा रेडिओ तूच फिरव, गुद्रिद. त्याचं टोक आवाजाच्या दिशेला आलं की आवाज मंदावतो. तोर्लेफ समुद्रात आहे ना? बघू कुठे आहे ते."

पोराचं नाव निघाल्यावर गुद्रिद उठलीच. प्रार्थनाघराच्या पायरीवर आवाज मंदावला, तेव्हा रेडिओचं एक टोक समुद्राकडे होतं, दुसरं सेवेरिनच्या नावघराकडे, म्हणजे होड्या ठेवायच्या कोठाराकडे. "बघ, समुद्रच," कुणीतरी म्हणालं. धक्क्यावर जाऊन तिने पुन्हा फिरवला. या वेळी टोकासमोर समुद्र नव्हता. नावघर मात्र होतं.

दार ढकललं तर सेवेरिनचा मेहुणा हेरिंग माशांच्या रिकाम्या पिंपात डोकं घालून बोलत होता. शेजारी कॉफी, अर्धं खाल्लेलं वाफल, आणि हातात रेडिओ यंत्राचा माइक, बटण घट्ट दाबलेलं.

गुद्रिदने माइक हिसकला. बटण सुटलं, आणि त्याच यंत्रातून बारीक आवाज आला, "...आयलिफ बोलतोय. उत्तरेच्या खडकाजवळ. कुणी ऐकतंय का?"

बोर्गहिल्दने माइक घेऊन बटण दाबलं. "आयलिफ, ऐकलं. उत्तरेचा खडक. बोट निघतेय." आणि लगेच बटण सोडलं.

आयलिफ संध्याकाळी घरी आला, चिंब भिजलेला. नावघरातल्या पिंपाशी येऊन गुद्रिद तरीही पुटपुटली, "आवाज अगदी तोर्लेफचाच होता गं."

"पिंपात तू बोललीस तरी तोर्लेफच बोलेल," बोर्गहिल्द वैतागून म्हणाली. "घाल डोकं."

गुद्रिदने खरंच घातलं. आत ती 'तोर्लेफ' म्हणाली, तसा तिचाच आवाज घुमून, ओलसर होऊन परतला. डोकं बाहेर काढलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "आणि आज त्या मेहुण्याला कुणी थांबवलंच नसतं तर?"

हाच प्रश्न सगळ्यांनी आधी विचारायला हवा होता. मेलेले बोलतात म्हणून कुणी सांगितलं, तर आवाज कुठून येतो ते स्वतः फिरून बघा. तीन मिनिटांची ती शांतता जिवंत माणसांसाठी राखलेली आहे.