चेक वाक्यांचं दुसरं पान

जगन्नाथ करंदीकरांच्या घरात पाठांतरातून कुणाची सुटका नव्हती. अमेरिकेत, श्रूजबरीत सगळी नोकरी काढली, पण संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की मुलाला, कुशला, मांडी घालून बसवायचं आणि पाढे, स्तोत्रं म्हणवून घ्यायची, हा नेम त्यांनी बर्फाच्या वादळातही मोडला नाही. अर्थ नंतर कळेल, आधी तोंडात बसू दे, हे त्यांचं ठाम मत. पोराला धड मराठी वाचता येत नव्हतं, पण संस्कृत श्लोक तो घडाघडा म्हणायचा. पाहुण्यांसमोर ते ऐकताना जगन्नाथरावांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

म्हणून कंपनीने कुशला काही महिन्यांसाठी चेक देशात, ब्रनो शहरात पाठवायचं ठरवलं, तेव्हा जगन्नाथरावांनी नेटवरून परदेशी ड्रायव्हरांसाठीची चेक वाक्यं हुडकली आणि दोन पानं छापून काढली. पहिलं पान एअरपोर्टच्या वाटेवरसुद्धा घोकून घेतलं. 'सेम त्सिझिनेत्स', मी परदेशी आहे. 'नेरोझुमीम', मला समजत नाही. विमानाची वेळ झाली आणि दुसरं पान राहून गेलं.

नोव्हेंबरात ब्रनोमध्ये कुशने भाड्याची गाडी लाल दिव्यापाशी थांबवली, डावीकडे पाहिलं, कुणी येत नव्हतं, म्हणून तो उजवीकडे वळला. अमेरिकेत सगळेच तसे वळतात. जगन्नाथरावांनीच त्याला इथल्या रस्त्यांवर शेजारी बसून ते शिकवलं होतं. तिथे ते चालत नाही. उजव्या बाजूने एक म्हातारी बाई आपला हिरवा दिवा बघून निवांत रस्ता ओलांडत होती. अँब्युलन्स येईपर्यंत ती जिवंत होती.

आता फेब्रुवारी लागला होता, आणि सोमवारी कुशला तिथल्या कोर्टात उभं राहायचं होतं. तुरुंग होईल की दंडावर भागेल, ते बरंचसं तो जजसमोर काय आणि कसं बोलतो त्यावर आहे, असं वकिलाने बजावलं होतं. आणि पोराने तर घरी आल्यापासून तोंडाला कुलूप लावलेलं. जगन्नाथरावांना दुसरा काही उपाय येत नव्हता. त्यांनी दुसरं पान बाहेर काढलं.

"अहो, इंटरप्रिटर असणार आहे तिकडे," कुशची आई सुचित्रा किचनमधून म्हणाली. "कशाला छळताय त्याला?"

"तू मध्ये पडू नकोस. आपल्या भाषेतले दोन शब्द ऐकले की माणूस विरघळतो. जजसुद्धा माणूसच आहे."

कुश नुकताच ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून आला होता. अंगात नुसता स्वेटशर्ट, ओठ काळेनिळे. आईने ब्रनोसाठी मुद्दाम घेतलेलं जाड जॅकेट तो तिकडून परत आल्यापासून कपाटात पडून होतं.

"ते जॅकेट काय शोभेला ठेवलंय?" जगन्नाथराव खेकसले. कुश लहानपणी बसायचा तसाच मांडी घालून गालिच्यावर बसला. त्यांनी चष्मा चढवून वाचायला सुरुवात केली.

"पोरोउखालो से मि आउतो. माझी गाडी बंद पडली."

कुशने म्हटलं.

"दोशेल मि बेन्झीन. पेट्रोल संपलं."

कुशने तेही म्हटलं.

"ये मि..."

"ये मि झिमा," कुश म्हणाला.

जगन्नाथरावांनी चमकून वर पाहिलं. किती दिवसांनी पोरगा आपणहून काही बोलला होता! त्यांना भरून आलं. "अरे वा! हे पाठ आहे की तुला! कुठे शिकलास?"

"मीनिंग काय आहे?"

"मीनिंग नंतर. आधी पुढचं..."

"बाबा, मीनिंग सांग."

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "हे हिवाळ्यात गाडी अडकली तर म्हणायचं. मला थंडी वाजतेय."

किचनमधला नळ बंद झाला. कुश गालिच्याकडे बघत होता.

"ती सारखी तेच म्हणत होती. माझा हात धरून. माझ्या डोक्यात ते तसंच्या तसं बसलंय, श्लोकासारखं. मी कधी सर्च नाही केलं. मला वाटायचं, ती शाप देतेय." तो थांबला. "शी वॉज जस्ट कोल्ड. जॅकेट मागच्या सीटवर होतं, बाबा."

सुचित्रा दारात येऊन उभी राहिली होती. जगन्नाथरावांनी पान खाली ठेवलं. काहीतरी विचारायला हवं, एवढंच त्यांना कळत होतं.

"मग... तू काय म्हणालास तिला?"

"नेरोझुमीम," कुश म्हणाला. "प्रत्येक वेळी. प्रनन्सिएशन एकदम परफेक्ट होतं, बाबा. तू घोकून घेतलंस ना."