किनाऱ्यावरची काळी मेणबत्ती

समुद्राचा नव्हे हं, मित्रांनो, मी मेणबत्त्यांचा किनारा! मेणबत्त्या खोचायच्या लाकडी बैठकीला स्वाहिली भाषेत 'किनारा'च म्हणतात. ओहायोतल्या डब्लिन गावी एका खिडकीत माझं म्हातारपण चाललं आहे. डिसेंबर सरता सरता क्वान्झा हा आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा सण येतो. तेव्हा सात संध्याकाळी माझ्यावर मेणबत्त्या लावतात. मध्ये काळी, एका बाजूला तीन लाल, दुसऱ्या बाजूला तीन हिरव्या. मान काळीचा. ती सर्वांत आधी आणि रोज लागते.

मला एझ्राआजोबांनी घडवलं, आपल्या बायकोसाठी, ओडेसासाठी. ती आफ्रिकन-अमेरिकन, ते ज्यू. हनुका सणाच्या नऊ मेणबत्त्यांच्या मेनोराची त्यांना सवय, म्हणून अक्रोडाच्या फळीला त्यांनी खुशाल नऊ भोकं पाडली! ओडेसाआजी पोट धरून हसली. मग दोन भोकं बुजवली. त्यांचा पितळी मेनोरा माझ्या शेजारीच असतो. तो चकचकीत, मी मेणकट. पण आमचं मेतकूट छान जमलं.

काळी मेणबत्ती दरवर्षी आजोबाच ओतत. ते गेले आणि त्यांची शेवटची मेणबत्ती माझ्यात राहिली. आजी ती क्षणभर लावी, लगेच फुंकी, आणि दुसरी कुणाला आणू देत नसे. तरी दरवर्षी ती थोडी खाली येई, आणि आजीचा चेहरा तेवढाच उतरे. यंदा जेमतेम दोन बोटं उरली होती. मला त्या तुकड्याचं ओझं वाटे, खोटं कशाला बोलू?

यंदा दोन्ही सण एकाच आठवड्यात आले. त्यातच आजीच्या सुनेची, इलाची, आई सुमित्राबाई नागपूरहून आल्या होत्या. हनुकाच्या पहिल्या संध्याकाळी मेनोरा लावला तेव्हा ओडेसाआजीनं त्यांना बजावलं, "ही फुंकायची नाही हं. आपोआप विझू द्यायची." सुमित्राबाई खूश झाल्या. दिवा फुंकणं त्यांच्याही जिवावर येई.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी. काळी मेणबत्ती लागली आणि तेवढ्यात आजीला फोन आला. सुमित्राबाई हाताचा आडोसा धरून माझ्यापाशी राखणीला बसल्या. बाहेर भुरभुर बर्फ पडत होतं. काचेत आमच्या ज्योती तरंगत होत्या. माझी कुठली, मेनोराच्या कुठल्या, कळेना. मला गुंगीच आली. किती वर्षांनी मी इतका वेळ उजळलो होतो!

इला स्वयंपाकघरातून आली ती ओरडलीच. "आई! ही ब्लो आउट करायची असते! एझ्राबाबांनी केलेली लास्ट कॅन्डल आहे ती!"

"अगं, पण ओडेसाताईच म्हणाल्या ना, फुंकायची नाही म्हणून?"

"तो मेनोराचा रूल गं!"

सुमित्राबाई पांढऱ्याफटक पडल्या. ओडेसाआजी धावत आली. नखाएवढी मेणबत्ती अजून तेवत होती. नातवानं, वेदनं, गाल फुगवले. "ग्रँडमा, शुड आय?"

 आजी हळूच सुमित्राबाईंशेजारी बसली आणि त्यांचा हात तिनं हातात घेतला.

"नको, वेद. राहू दे. एझ्रानं ही जळायलाच केली होती. मीच दर वेळी अर्ध्यावर विझवत होते."

ज्योत एकदा उंच झाली आणि शांत झाली. आजी ढसाढसा रडली. आजोबा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. सुमित्राबाईही तिच्याबरोबर रडल्या.

"पण मग उद्या?" वेदनं विचारलं.

उद्यासाठी दोघी आज्यांनी मेण वितळवलं. वात सुमित्राबाईंनी वळली, मेण वेदनं ओतलं. मेणबत्ती वाकडी झाली, जमिनीवर डाग पडले ते निराळेच! पण आजीनं ती उरलेल्या सहाही संध्याकाळी पोटभर जळू दिली.

मित्रांनो, जुन्या वस्तू 'आम्हाला जपा' म्हणून सांगतात. मीही सांगतो, माझ्यावरचं मेण खरवडा, तेलाचा हात फिरवा. पण आजीआजोबांची शेवटची मेणबत्ती जपत बसू नका. ते असतानाच त्यांच्याशेजारी उभे राहा आणि ती ओततात कशी, ते शिकून घ्या.