अकरा नवे खोकले

दगड घासायच्या कारखान्यात नव्या बाईला मशीनच्या आधी एक गोष्ट शिकवत. वर्षाच्या तपासणीला डॉक्टरनं विचारलं, खोकला कधीपासून, तर सांगायचं, दोनच दिवस झाले. जास्त सांगितलं की घरी बसवतात. हे शिकवायचं काम तिथल्या सगळ्यांत जुन्या बाईचं, थोरलीचं.

आता तिच्याच गळ्याशी आलं होतं. चार पायऱ्या चढल्या की बसावं लागे. नव्या नियमानं घरी न बसता धुळीतून सुटून पॅकिंगला जायचं, तर डॉक्टरच्या कागदावर एक शब्द हवा होता, क्रॉनिक.

"लिहा की बाई! जीव चाललाय, याहून भयंकर काय असतं?"

"मावशी, त्याचा अर्थ भयंकर असा नाहीच," नवी डॉक्टरीण म्हणाली. "ग्रीक भाषेत काळाला जो शब्द आहे, त्यातून आलाय हा. किती दुखतं ते नाही, किती वर्षं दुखतंय ते." तिनं फाइल उलगडली. "आणि इथे? अकरा तपासण्या, दर वेळी दोन दिवस. तुमचे अकरा नवे खोकले आहेत. जुना एकही नाही."

"खोटं बोलले मी."

"मग कुणीतरी खरं सांगा. शेजारच्या मशीनवरचं."

शेजारच्या मशीनवर धाकटी जाऊ होती.

"मी बोलले की डॉक्टरीण मलाही विचारणार," जाऊ डबा उघडत म्हणाली. "नियम कागदावरच राहिला आणि दोघी घरी बसलो, तर पोरं काय धूळ खातील?"

"नको बोलूस मग."

थोरलीनं आपला डबा तसाच झाकला. मालकाला आजवर एकदाही खोटं बोलावं लागलं नव्हतं. त्याचं ते काम बायकांनीच फुकटात केलं होतं, आणि मुकादम होती ती स्वतः.

दुपारी जाऊ हात न धुताच डॉक्टरणीपुढे उभी राहिली. मागोमाग थोरली धापा टाकत आली.

"लग्न होऊन आले तेव्हापासून हिचा खोकला भिंतीपलीकडून ऐकतेय. दहा वर्षं. झोपेचं खोबरं केलंय मेलीनं. लिहा."

डॉक्टरणीनं लिहिलं. मग मान वर केली. "आणि तुमचा?"

जाऊनं थोरलीकडे पाहिलं. थोरली काही शिकवायला गेली नाही.

"दोन..." जाऊ अडली, पदरात खोकली. "सात वर्षं."

डॉक्टरणीनं दुसरा कागद ओढला.