झोपण्याआधीची एक वाटी

मी वाटी बोलतेय. स्टीलची, काठाशी बारीकसा पोचा असलेली, आणि स्वतःवर भलतीच खूश. मला क्रमाने काही सांगता येत नाही, मध्येच हसू फुटतं. पण आज प्रयत्न करते.

माझा जन्म एका धाडकन आवाजात झाला. आधी मी पत्र्याची सपाट चकती होते, वरून यंत्र आदळलं आणि खोल झाले. माझ्यासारख्या सहा जणींना एका खोक्यात कोंबून विकलं. त्यातली एक शेजारी काहीतरी द्यायला गेली ती तिथलीच होऊन बसली. दुसरी रंग कालवायला गेली आणि परत आली ती निळी होऊन. बाकीच्यांचं विचारू नका. उरले मी एकटी, त्यामुळे या घरात वाटी म्हटलं की मीच. त्याचा मला थोडा तोरा आहे, लपवत नाही.

घरात माणसं चार. आई, तिचा मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात. मुलगा रंगारी आहे, पण शिडी लावून भिंती रंगवणारा नव्हे. अंगाला पट्टा बांधून, गच्चीवरून सोडलेल्या दोराला लटकून तो पंधरा-वीस मजली इमारती बाहेरून रंगवतो. एकोणीस वर्षं हेच करतोय. वर असला की गडी खुशीत, खाली आला की नुसता हं-हं करणार. आई म्हणते, याला जमीनच मानवत नाही.

तर एके दिवशी हा घरी आला तो तोंड पाडूनच. कामावर नवे पट्टे आले होते आणि त्यांच्यावर छापलं होतं, पंचाण्णव किलोपर्यंत.

"मी सत्त्याण्णव भरलो," तो म्हणाला. "दोन महिन्यांनी परत काट्यावर उभं करणार. उतरलं नाही तर गोदामात. रंग ढवळत बसायचं, आयुष्यभर."

बायकोने त्याला दुसऱ्याच दिवशी आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाईंनी सरळ सांगितलं, रात्रीचं जेवण सातला, नेहमीच्या निम्मं. मग झोपेपर्यंत पोटात कावळे ओरडणारच. तसंच उपाशी झोपलं तर माणूस मध्यरात्री उठून डबे उघडतो. म्हणून झोपण्याआधी एक वाटी साधं दही खायचं. त्यात काही घालायचं नाही आणि त्यानंतर काही खायचं नाही. बायकोने घरी येऊन हे जसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. काय सांगू, माझ्या अंगावर काटा आला.

आता गंमत ऐका. साडेसातला नात यायची. "बाबा, तुमचं दही." वर केळ्याचे काप, कारण साधं दही म्हणजे शिक्षा, असं तिचं ठाम मत. तो खायचा. ज्याने ज्यात खाल्लं त्याने ते धुवायचं, असा घराचा नियम, म्हणून मला धुऊन पालथी घालायचा. नात अभ्यासाला बसली की आठला आई मला उचलायची. "दिवसभर लटकतोस, पोटाला आधार नको का?" असं म्हणत दोन चमचे साखर. तो खायचा, मला धुवायचा, पालथी घालायचा. दहाला बायको दवाखान्यातली दुसरी पाळी संपवून यायची आणि चपला काढायच्या आधी मला भरायची. वर बदाम आणि मनुका, कारण वजन घटलं तरी ताकद घटता कामा नये.

"काही खाल्लंस का रे?" ती विचारायची.

"तुझीच वाट बघत होतो," हा महाभाग म्हणायचा.

तिघींपैकी प्रत्येकीला वाटायचं की त्याची एक वाटी ती आपलीच. खरं काय ते फक्त मला ठाऊक, आणि माझं बोलणं त्या घरात कुणाला ऐकू जात नाही. मी फिरतेय आपली गरागरा. खोटं कशाला बोलू, मला मजाही येत होती. इतकी मागणी मला आयुष्यात कधी नव्हती.

तीन आठवड्यांनी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर तो साडेअठ्ठ्याण्णव भरला. त्या दिवशी माझी मजा संपली. आई म्हणाली, काटा बिघडलाय. बायको म्हणाली, शरीरात पाणी साठलं असेल. तो मात्र त्या संध्याकाळी खिडकीशी उभा राहून समोरच्या उंच इमारतीकडे बघत राहिला.

नंतर दोनच दिवसांनी बायकोची पाळी लवकर सुटली. ती संध्याकाळीच घरी आली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली. तिथे नात केळं कापून तयार, आई साखरेचा डबा घेऊन तयार. तीन हात एकदम माझ्यावर पडले.

"अगं, दही तर मी देते त्याला," आई म्हणाली.

"नाही आजी, मी देते. रोज."

बायकोच्या मुठीत बदाम होते. तिघी एकदम दाराकडे वळल्या. दारात हा उभा होता आणि छताचा रंग तपासत होता.

"तीन वेळा खातोस?" बायकोने विचारलं.

"एका वाटीने माणूस बारीक होतो ना," तो हळूच म्हणाला, "मग मला वाटलं, तीन वाट्यांनी लवकर होईल."

आधी आईला हसू फुटलं. मग नात ओट्याला टेकून हसत सुटली. मी तर पाठीवर गोल गोल फिरत होते. बायको मात्र हसली नाही. "आणि गोदामात टाकलं म्हणजे? तुला आम्हाला 'नाही' म्हणता येत नव्हतं?"

तो स्टुलावर बसला. "कुणाला नाही म्हणू? दिवसभर वर एकटा असतो. खाली आलो की तुम्ही एकेक जण वाटी घेऊन समोर बसता, दोन गोष्टी बोलता. नाही म्हटलं असतं तर उठून गेला असतात."

आईने डोळ्यांना पदर लावला आणि साखरेचा डबा उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथे तिचा स्वतःचाही हात पोचत नाही.

त्या दिवसापासून नवी पद्धत सुरू झाली. नऊ वाजता, एकदा, साधं दही. भरायचं आईने, नेऊन द्यायचं नातीने, आणि वाटी रिकामी झाली का ते बायकोने दवाखान्यातून फोन करून विचारायचं. आणि वाटी नसली तरी त्याच्यासमोर बसायचंच. पहिले काही दिवस तो मला चाटूनपुसून असा काही साफ करायचा की धुवायची गरज उरेना.

वजनाच्या दिवशी सकाळी नातीने मला त्याच्या नकळत पँटच्या खिशात सरकवलं. कामावर कुणी आग्रह केलाच तर बाबांनी मोजून खावं, एवढाच तिचा हेतू. तो काट्यावर चढला. बूट काढले, शर्ट काढला, घड्याळ काढलं, श्वाससुद्धा सोडून दिला. मुकादमाने वाकून आकडा वाचला, "पंचाण्णव पॉइंट एक."

तो पांढराफटक पडला. मुकादमालाही वाईट वाटलं असावं. "खिसे बघ एकदा," तो म्हणाला.

त्याने खिशात हात घातला आणि मी बाहेर आले. त्याने मला जमिनीवर ठेवलं. आकडा थरथरला आणि बरोब्बर पंचाण्णववर थांबला. मीच होते हो ती, वरची पॉइंट एक! त्याने खाली वाकून माझा मुका घेतला, सगळ्यांच्या देखत, आणि पट्टा आवळत गच्चीकडे पळाला. थोड्या वेळाने वर पाहिलं तर सोळाव्या मजल्यावर त्याचे पाय हवेत लोंबकळत होते. मला इतका आनंद झाला की मी रिकामी आहे हेही विसरले.

तो मात्र मला न्यायला विसरला. सध्या मी मुकादमाच्या टेबलावर आहे. मुकादमालाही दोराची तपासणी करायला वर जावं लागतं, त्याचं वजन पुढच्या सोमवारी आहे. आत्ताच त्याने इकडेतिकडे पाहिलं, खणातून साखर लावलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढली आणि मला काठोकाठ भरलं. आजची ही चौथी वेळ. अहो, तुमच्यापैकी कुणी या मुकादमाच्या घरच्यांना ओळखत असाल, तर कृपा करून तेवढं कळवा.